वालपाराइसोच्या रंगीत टेकड्या: सेर्रो अलेग्रे आणि सेर्रो कोन्सेप्सिओन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा भाग नेमका कुठे आहे? रंगीत घरं म्हणजे अख्खं शहर की एखादी गल्ली?

वालपाराइसो हे चिलीचं जुनं बंदर. राजधानी सांतियागोपासून रस्त्याने साधारण ११५ किलोमीटर. समुद्राला लागून एक चिंचोळी सपाट पट्टी आहे, तिला 'एल प्लान' म्हणतात. बँका, बंदर, बाजार, बसस्थानक सगळं तिथे. पट्टी संपली की लगेच चढ लागतो. चाळीसहून जास्त टेकड्या आहेत आणि शहराची बहुतेक वस्ती त्यांच्यावरच आहे. टेकडीला तिथे 'सेर्रो' म्हणतात आणि पत्ता सांगताना सेर्रोचं नाव आधी येतं.

रंगीत घरं जवळपास सगळ्याच टेकड्यांवर दिसतात. पण चित्रांनी भरलेल्या भिंती, कॅफे, छोट्या गॅलऱ्या आणि सज्जासारखे बाहेर आलेले पादचारी रस्ते (तिथल्या भाषेत 'पासेओ') एकाच ठिकाणी हवे असतील, तर ते शेजारशेजारच्या दोन टेकड्यांवर आहेत: अलेग्रे आणि कोन्सेप्सिओन. दोन्हींच्या मधल्या घळीतून उर्रिओला नावाचा रस्ता चढतो. नकाशात आधी हा रस्ता शोधा, म्हणजे बाकीच्या गल्ल्या आपोआप जागच्या जागी बसतात. एकोणिसाव्या शतकात अलेग्रेवर इंग्रज व्यापाऱ्यांनी घरं बांधली, कोन्सेप्सिओनवर जर्मनांनी. म्हणून स्पॅनिश शहरात टेम्पलमन, अ‍ॅटकिन्सन, बेथोवेन अशा नावांच्या पाट्या दिसतात. शहराचा ऐतिहासिक भाग २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यात या दोन्ही टेकड्या येतात.

सांतियागोहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

येईल, बहुतेक जण तसंच करतात. आमचं मत विचाराल तर एक रात्र राहाच. कारण अगदी साधं आहे. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून दाट मळभ येऊन बसतं आणि बऱ्याचदा दुपारी बारा-एकनंतरच उघडतं. दिवसाच्या सहलीची माणसं अकराला पोहोचतात, करड्या आकाशाखाली फोटो काढतात, जेवतात आणि रंग खरे खुलायला लागतात तेव्हा परतीच्या बसमध्ये बसलेली असतात. एकच दिवस हाती असेल तर निदान कार्यक्रम उलटा लावा. सकाळी एल प्लान, बाजार आणि जेवण, आणि टेकड्या दुपारी दोननंतर.

सोमवार टाळा. ला सेबास्तियाना (चिलीचा कवी पाब्लो नेरुदाचं घर), बाबुरिसा अशी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

सांतियागोहून कसं जायचं?

बसने. अलामेदा आणि पाहारितोस या दोन्ही बसस्थानकांवरून दिवसभर सतत गाड्या सुटतात आणि दीड ते दोन तासांत पोहोचतात. पाहारितोस शहराच्या पश्चिम टोकाला मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गावर आहे, त्यामुळे सांतियागोतली गर्दी वाचते. विमानतळावरून थेट यायचं असेल तरी सांतियागोच्या मध्यात शिरू नका. विमानतळाची बस पाहारितोसला थांबते, तिथेच गाडी बदला. शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी संध्याकाळी परतताना तिकीट आधी काढून ठेवा. बाकी वेळी खिडकीवर मिळतं.

वालपाराइसोचं बसस्थानक पेद्रो मोंत रस्त्यावर, काँग्रेस म्हणजे चिलीच्या संसदेच्या अवाढव्य इमारतीसमोर आहे. तिथून टेकड्यांचा पायथा सुमारे अडीच किलोमीटर. सामान घेऊन हे अंतर चालू नका. काचेवर 'अदुआना' लिहिलेली शहर बस, तिथल्या भाषेत 'मिक्रो', पकडा आणि प्लाझा सोतोमायोरला उतरा. भाडं चालकाला रोख द्यायचं, सुटे ठेवा. जमलं तर एकदा ट्रॉलीबसमध्ये बसा. इथली ट्रॉलीबस सेवा १९५२ पासून चालू आहे आणि त्यातल्या काही जुन्या अमेरिकी गाड्या राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित आहेत.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेऊ नका. रस्ते अरुंद, चढ भयंकर, पार्किंग जवळजवळ नाही, आणि आत बॅग दिसणाऱ्या गाडीच्या काचा फुटतात.

'आसेन्सोर' म्हणजे लिफ्ट का? ते कसं वापरायचं?

आसेन्सोर म्हणजे उतारावर रुळांवरून चालणारा डबा, फ्युनिक्युलर. वणीच्या सप्तशृंगी गडावरची ट्रॉली पाहिली असेल तर तत्त्व तेच: एका दोराला दोन डबे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. फक्त इथले डबे लाकडी, छोटे आणि शंभर वर्षांहून जुने. प्रवास जेमतेम मिनिटभराचा. वेळापत्रक नसतं, माणसं जमली की डबा हलतो.

एके काळी शहरात असे तीसच्या आसपास होते. त्यातले सोळा राष्ट्रीय स्मारक आहेत, पण सगळे एका वेळी चालू असतील असं धरून चालू नका. दुरुस्तीसाठी एखादा महिनोन्‌महिने बंद राहतो. म्हणून निघायच्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा: आज कोणते चालू आहेत?

या दोन टेकड्यांसाठी तीन लक्षात ठेवा. 'कोन्सेप्सिओन' हा शहरातला सगळ्यात जुना, १८८३ चा. प्रात रस्त्यावरून, तुर्री घड्याळाच्या समोरच्या बोळातून सुटतो आणि पासेओ हेर्वासोनीवर नेतो. बोळाचं तोंड इतकं अरुंद आहे की पहिल्यांदा येणारा हमखास पुढे निघून जातो. 'एल पेराल' १९०२ चा, प्लाझा सोतोमायोरच्या मागे न्यायालयाच्या इमारतीला चिकटून. तो पासेओ युगोस्लावोवर सोडतो. तिसरा 'रेइना व्हिक्टोरिया', प्लाझा आनिबाल पिंतोच्या बाजूने पासेओ दिमालोवकडे चढणारा. तिघांपैकी सगळ्यात उभा हाच वाटतो.

भाडं किरकोळ असतं, नाण्यांत द्यायचं. वीस हजार पेसोंची नोट पुढे केलीत तर खिडकीतला माणूस नुसता बघत राहतो. रात्री उशिरा आसेन्सोर बंद होतात, म्हणून जेवून परतताना त्यांच्या भरवशावर राहू नका.

तिन्ही बंद असले तर?

प्लाझा आनिबाल पिंतोजवळून शेअर टॅक्सी मिळतात. त्यांना 'कोलेक्तिवो' म्हणतात. छतावरच्या पाटीवर क्रमांक आणि टेकडीचं नाव असतं, चार प्रवासी झाले की निघतात. अल्मिरांते मोंत रस्त्याने वर नेऊन सोडतात. या शहराचा एकच नियम पाळा: चढायचं ते चाकांवर, उतरायचं ते पायांनी. जो तो उलट करतो आणि तासाभरात दमतो.

चालण्याचा सोपा मार्ग सांगाल का?

प्लाझा सोतोमायोरपासून सुरू करा. मधोमध इकिकेच्या १८७९ च्या नाविक लढाईतल्या वीरांचं स्मारक आहे, मागे नौदलाची निळसर इमारत. एल पेरालने वर जा. समोर पासेओ युगोस्लावो आणि त्यावर बाबुरिसा वाडा, जिथे शहराचं ललितकला संग्रहालय आहे. आत नाही गेलात तरी बाहेरचं लाकूडकाम आणि नक्षीदार खिडक्या पाहायला पाच मिनिटं थांबा. इथून बंदरातल्या क्रेन आणि कंटेनर अगदी पायाखाली दिसतात. काहींना ते दृश्य खटकतं. पण हे आजही चालतं बंदर आहे, चित्रातलं नव्हे.

तिथून मोंतेअलेग्रे रस्त्याने अलेग्रेच्या आतल्या गल्ल्यांत शिरा आणि पासाहे बाव्हेस्त्रेयो शोधा ('पासाहे' म्हणजे बोळ). हा जिना घरांच्या मधून, एका इमारतीच्या पोटातून उर्रिओला रस्त्यावर उतरतो. उर्रिओला ओलांडलात की पलीकडे पासाहे गाल्व्हेस सुरू होतो. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी ही गल्ली, आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून छपरापर्यंत चित्रं. आमच्या मते साऱ्या फेरीतला सगळ्यात दाट तुकडा हाच. घाई करू नका. चित्रात दारं, गॅसचे मीटर, गटारांचे पाइप कसे सामावून घेतलेत ते बघत जा. एखाद्या माशाचा डोळा म्हणजे पाण्याच्या मीटरचं झाकण निघतं.

गाल्व्हेसमधून बाहेर आलात की पासेओ हेर्वासोनी. इथे व्यंगचित्रकार लुकासचं छोटं संग्रहालय आहे. वालपाराइसोची माणसं त्याने ज्या रेषेत पकडली ती पाहिलीत तर पुढची फेरी वेगळ्या नजरेने होते. मग पापुदो रस्त्याने पासेओ अ‍ॅटकिन्सनकडे जा: एका रांगेत जुनी इंग्रजी घाटाची घरं, पुढे इवल्याशा बागा. जवळच दोन चर्च आहेत. सेंट पॉल हे अँग्लिकन चर्च १८५८ चं. तेव्हा चिलीत कॅथलिक सोडून इतरांना उघड उपासनेची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरून ते कोठारासारखं साधं, मनोऱ्याशिवाय. लुथेरन चर्च १८९८ चं, कायदे सैल झाल्यानंतरचं, आणि त्याचा मनोरा लांबूनही दिसतो. दोन्ही एकापाठोपाठ पाहावीत.

शेवटी टेम्पलमन रस्ता, बेथोवेन रस्त्यावरचा पियानोच्या पट्ट्यांसारखा रंगवलेला जिना आणि पासेओ दिमालोव. तिथे रेइना व्हिक्टोरियाच्या वरच्या ठाण्याशी एक लोखंडी घसरगुंडी आहे. मुलांची म्हणून बांधलेली, रांगेत मात्र मोठेच जास्त. मग अल्मिरांते मोंतने खाली प्लाझा आनिबाल पिंतो.

अंतर अडीच किलोमीटरच्या आत, पण तीन ते चार तास धरा. फोनच्या नकाशावर विसंबू नका. तो जिन्याला रस्ता समजतो आणि ऐंशी पायऱ्यांच्या चढाला 'दोन मिनिटं' म्हणतो.

ही चित्रं कोण काढतं? परवानगी असते का?

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. भिंतभर काढलेलं चित्र हे बहुतेक वेळा घरमालकाच्या संमतीने, अनेकदा त्याने पैसे किंवा रंग देऊन काढून घेतलेलं असतं. नुसत्या सह्या आणि फराटे म्हणजे 'रायादो'. ते कुणालाच नको असतात आणि अलीकडे भलतेच वाढलेत. बरेच मालक भिंत रंगवून घेतात ते फराट्यांपासून बचाव म्हणूनच, कारण चांगल्या चित्रावर सहसा दुसरा रंग मारत नाहीत. सहसा. हा संकेत आहे, कायदा नाही. त्यामुळे फोटोत पाहिलेलं चित्र जागेवर नसलं तर नवल वाटून घेऊ नका.

परंपरा जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी डाव्या तरुणांच्या तुकड्या निवडणुकीसाठी भिंती रंगवत. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्या चित्रांवर रंग फासला गेला. सेर्रो बेयाव्हिस्तावरच्या 'खुल्या आकाशाखालच्या संग्रहालया'ची सुरुवातही उठावाआधीच्या त्या वर्षांत कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी केली होती. काम खंडित झालं आणि लोकशाही परतल्यावर १९९२ मध्ये ते पुरं होऊन खुलं झालं. वीस भित्तिचित्रं, त्यात रोबेर्तो मात्तासारख्या नामांकितांची. तिकीट नाही, दार नाही. आज त्यातली बरीच ओरखडे आणि ओल यांनी खराब झालीत, ही तयारी ठेवून जा. नव्या पिढीत इंती हा इथलाच चित्रकार, आता जगभर इमारती रंगवणारा, आणि 'उन कोलोर दिस्तिंतो' ही जोडी. नावं लक्षात ठेवली तर मार्गदर्शकाशी बोलायला विषय मिळतो.

फोटोबद्दल: भिंतीचा खुशाल काढा. उघड्या खिडकीतून आत, वाळत घातलेल्या कपड्यांचा किंवा दारात बसलेल्या आजींचा विचारल्याशिवाय काढू नका. पायऱ्यांवर ठाण मांडून तासभर कपडे बदलत फोटो काढणाऱ्यांना इथले लोक वैतागलेले आहेत. त्यांची घराची वाट तीच असते.

फोटोसाठी प्रकाश कधी चांगला?

आपली सवय इथे फसवते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो आणि वालपाराइसोचा उपसागरही उत्तरेकडेच उघडा आहे. म्हणजे भर दुपारी समुद्राकडे कॅमेरा केलात तर प्रकाश समोरून येतो आणि पाणी पांढरं पडतं. त्याच वेळी पाठ समुद्राकडे करून टेकडीवरची घरं घेतलीत तर रंग भरभरून येतात. समुद्राचा फोटो संध्याकाळी. अरुंद गल्ल्यांत मात्र मळभाची सकाळच बरी, कारण अर्धी भिंत उन्हात आणि अर्धी सावलीत असं होत नाही. हवा थंड वाटली तरी ऊन चटका देतं, सनस्क्रीन लावा.

घरं पत्र्याची का दिसतात?

कारण ती पत्र्यानेच मढवलेली आहेत. आत लाकडी सांगाडा आणि माती, बाहेरून पन्हळी पत्रा, आपण कोकणात छपराला घालतो तोच. इथे तो भिंतीला उभा मारतात. समुद्रावरून येणाऱ्या पावसापासून आतली माती वाचते आणि भूकंपात हलकी भिंत जड भिंतीपेक्षा परवडते. पत्रा गंजू नये म्हणून रंग. बंदरात जहाजांचा उरलेला रंग स्वस्त मिळायचा म्हणून घरं रंगीबेरंगी झाली, असं सगळे मार्गदर्शक सांगतात. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला, जहाजांनी वाट बदलली, शहर गरीब झालं आणि जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही. आज ज्याला आपण जपलेला वारसा म्हणतो, त्यातला बराचसा हा मंदीचा प्रसाद आहे.

सुरक्षित आहे का?

दिवसा या दोन टेकड्यांवर, हो. पण चोऱ्या होतात आणि त्या ठरावीक पद्धतीने होतात.

पहिली पद्धत डागाची. मागून कुणीतरी कपड्यांवर मोहरीचा सॉस किंवा विष्ठेसारखं काहीतरी उडवतं, दुसरा सभ्य माणूस पुसायला मदतीला येतो, तिसरा तुम्ही खाली ठेवलेली बॅग उचलतो. डाग पडला तर थांबू नका, बॅग छातीशी धरून सरळ एखाद्या दुकानात शिरा. दुसरी पद्धत फोन हिसकावण्याची. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा पाहू नका, भिंतीला पाठ लावून पाहा. कॅफेत फोन टेबलावर ठेवू नका. कॅमेरा वापरून झाला की पिशवीत, गळ्यात लटकवून नाही.

जागांचं म्हणाल तर प्लाझा एचाउर्रेन आणि ला मात्रिस चर्चचा परिसर जुन्या बंदराचा, पाहण्यासारखा. पण तिथे दिवसा आणि सोबतीने जा. नकाशात जवळ दिसतं म्हणून एका टेकडीवरून दुसरीवर आडवाटेने जाऊ नका, मधल्या घळीत वस्ती एकदम बदलते. समोरून येणाऱ्या बाईने हातवारे करून 'तिकडे जाऊ नका' सांगितलं तर वाद न घालता मागे फिरा. इथले लोक पाहुण्यांना असं आवर्जून सांगतात. अंधार पडल्यावर जिने टाळा, टॅक्सी किंवा अ‍ॅपवरची गाडी घ्या, अंतर पाचशे मीटर असलं तरी.

पोलीस १३३, रुग्णवाहिका १३१, अग्निशमन १३२. जाता जाता: इथले अग्निशमन जवान पगारी नसतात. देशातलं पहिलं स्वयंसेवी दल याच शहरात १८५१ साली उभं राहिलं, आणि आजही सगळे स्वयंसेवक.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

अलेग्रे आणि कोन्सेप्सिओनवर नाही. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ देणारी बरीच ठिकाणं आहेत. एल प्लानमधल्या साध्या खाणावळीत मात्र सांभाळून.

'सिन कार्ने' एवढंच सांगून भागत नाही. त्यातून लोकांना गोमांस नको एवढंच कळतं आणि ताटात हॅम, चिकन किंवा ट्यूना येतो. 'सोय व्हेहेतारियानो' (बाईने 'व्हेहेतारियाना') म्हणा आणि पुढे एकेक नाव घ्या: सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस. दुसरी अडचण 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी. ती एम्पानादाच्या (सारण भरलेल्या मोठ्या करंजीच्या) पारीत, सोपाइपियात (तळलेल्या जाड पुरीत) आणि 'आयुया' नावाच्या गोल पावात असू शकते. पाव हवा असेल तर 'मार्राकेता' मागा, खुसखुशीत आणि चार भागांत तुटणारा. वालपाराइसोत त्याला 'पान बातिदो' म्हणतात.

उन्हाळ्यात 'पोरोतोस ग्रानादोस' मिळाले तर सोडू नका: ताज्या शेंगांचे दाणे, भोपळा, मका आणि तुळशीच्या जातीतली पानं घालून शिजवलेलं दाट कालवण. त्यात सॉसेज नाही ना, तेवढं विचारा. 'उमितास' म्हणजे मक्याचं वाटण पानात गुंडाळून उकडलेलं, तिथेही मान्तेकाचा प्रश्न. 'पाल्ता' म्हणजे अ‍ॅव्होकॅडो सगळीकडे आणि झकास. जेवण मिळमिळीत वाटलं तर 'मेर्केन' मागा, मापुचे लोकांची धुरावलेल्या मिरचीची पूड. 'पेब्रे' ही कोथिंबीर, कांदा, टोमॅटोची चटणी पावासोबत बहुधा आपणहून येते.

मांसाहारींसाठी इथली ओळख 'चोर्रियाना': फ्रेंच फ्राइजच्या ढिगावर परतलेला कांदा, गोमांसाचे तुकडे आणि अंडी. एक ताट दोघांना पुरून उरतं, सवयीने माणशी एक मागवू नका. खिमा-कांद्याचा 'एम्पानादा दे पिनो' खाताना पहिला घास जपून घ्या. आतल्या काळ्या ऑलिव्हमध्ये बी असते आणि ती काढायची पद्धत नाही.

दुपारचं जेवण एक ते साडेतीन. नंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री आठला उघडतात. पाच वाजता भूक लागली तर कॅफेतला केक, एवढाच पर्याय उरतो.

घरून खाऊ, मसाले, लोणचं नेलं तर चालतं का?

नेण्याआधी विचार करा. चिलीची शेती-तपासणी कडक आहे. विमानतळावर प्रत्येकाला खाद्यपदार्थ, बिया, वनस्पती, प्राणिजन्य पदार्थ आहेत का याचं घोषणापत्र भरावं लागतं. सामान यंत्रातून जातं, कुत्रेही असतात. ताजी फळं, मध, घरचं तूप, सुटे धान्य, कढीपत्ता घरीच ठेवा. कारखान्यात पाकीटबंद केलेले, घटकांची छापील यादी असलेले पदार्थ न्यायचेच असतील तर घोषणापत्रात 'हो' लिहा आणि दाखवा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो, मग ते विमानात मिळालेलं सफरचंद का असेना.

पैशांचं कसं करायचं?

किमतीपुढे $ हे चिन्ह दिसतं, पण तो चिलीचा पेसो. हजारामागे टिंब देतात, म्हणून १२.५०० म्हणजे साडेबारा हजार. पेसोचा आकडा दहाने भागला की साधारण रुपये, अंदाजाला पुरे. हजार पेसोंना बोलताना 'लुका' म्हणतात. 'सिंको लुकास' म्हणजे पाच हजार.

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. यंत्राने रुपये की पेसो असं विचारलं तर पेसो निवडा. एटीएमचं शुल्क दर वेळी लागतं आणि ते चांगलंच असतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. जेवणाच्या बिलात दहा टक्के 'प्रोपिना सुहेरिदा' म्हणजे सुचवलेली टिप लिहिलेली असते. ती घ्यायची का, असं विचारतात. सेवा ठीक असेल तर 'सी' म्हणायची रीत आहे. पायी फेरीचे 'मोफत' मार्गदर्शक शेवटी मिळणाऱ्या टिपवरच जगतात, तिथे फुकट हा शब्द शब्दशः घेऊ नका.

राहण्याच्या बिलात परदेशी पाहुण्यांना १९ टक्के कर माफ होऊ शकतो. डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने पैसे देऊन पासपोर्ट आणि देशात प्रवेश केल्याचा कागद दाखवावा लागतो. ही सोय नोंदणीकृत हॉटेलांतच मिळते. खोली ठरवतानाच विचारा.

राहायला कुठे, आणि खोली घेताना काय विचारायचं?

या दोन टेकड्यांवरच राहा. जुन्या वाड्यांचीच छोटी हॉटेलं आणि हॉस्टेलं केलेली आहेत. तीन प्रश्न विचारा. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? लिफ्ट असेलच असं धरून चालू नका. खोली गरम करायची सोय काय? हिवाळ्यात ही लाकडी घरं आतून गारठतात. आणि शनिवारी खाली बार असतो का? भिंती पातळ आहेत.

अंघोळीचं पाणी बहुधा 'कालेफोन' म्हणजे गॅसच्या गिझरवर तापतं. पाण्याचा जोर पुरेसा असला तरच तो पेट घेतो. फार गरम वाटलं म्हणून गार नळ मोठा आणि गरम नळ बारीक केलात की ज्योत विझते आणि अंगावर बर्फगार पाणी येतं. गरम नळ पूर्ण उघडा ठेवून गार पाणी थोडं थोडं मिसळा.

खोलीत उदबत्ती किंवा निरांजन लावू नका. लाकूड, वारा आणि चढ यांमुळे इथे आग कशी पसरते ते एप्रिल २०१४ मध्ये दिसलं. वरच्या टेकड्यांवरची दोन हजारांहून जास्त घरं जळाली आणि पंधरा माणसं गेली.

चाकांची बॅग दगडी रस्त्यांवर आणि पायऱ्यांवर ओझं होते. पाठीवरची आणा, नाहीतर मोठं सामान सांतियागोत ठेवून या.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते मार्च. कमाल तापमान तेव्हाही वीस-बावीसच्या आसपास, संध्याकाळी वाऱ्याला जॅकेट लागतंच. जून ते ऑगस्ट पाऊस, आणि ओल्या दगडी पायऱ्या घसरड्या. ३१ डिसेंबरच्या रात्री उपसागरावर प्रचंड आतषबाजी होते. ती पाहायची तर खोली काही महिने आधी घ्या आणि दर कित्येक पटींनी वाढलेले असतील हे गृहीत धरा. भारत आणि चिलीतला फरक तिथल्या उन्हाळ्यात साडेआठ तास, हिवाळ्यात साडेनऊ. घरी फोन करायची वेळ त्यावरून ठरवा.

पाब्लो नेरुदाचं घर याच भागात आहे का?

नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. 'ला सेबास्तियाना' सेर्रो फ्लोरिदावर आहे, अलेग्रेपासून चालत अर्धा तास, त्यातही चढ. 'ओ' अक्षराची मिक्रो अलेमानिया रस्त्याने जाते ती जवळ सोडते. हा रस्ता टेकड्यांच्या कमरेभोवती वळणं घेत जातो, त्यामुळे बसची फेरीच एक सहल होते. उजवी-डावी कोणतीही खिडकी चालेल, पण बसायला जागा मिळाली तर नशीब. नेरुदाने १९६१ मध्ये या घरात राहायला सुरुवात केली. तिकिटं जागेवरच, येईल त्या क्रमाने, सोबत ध्वनिमार्गदर्शक. आत फोटोला बंदी. पाहून झालं की उतरत्या वाटेने बेयाव्हिस्तावरची ती वीस भित्तिचित्रं पाहत खाली या, म्हणजे दोन्ही कामं एका उतारात होतात.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना आणावं का?

आणा, पण वरची फेरी जशीच्या तशी करायला लावू नका. एल पेरालने वर, पासेओ युगोस्लावोवर बसा, त्याच डब्याने खाली. मग कोन्सेप्सिओनने वर आणि हेर्वासोनी, पापुदो, अ‍ॅटकिन्सन हा बराचसा सपाट तुकडा. पायऱ्यांचे पासाहे सोडून द्या. चाकांच्या खुर्चीसाठी मात्र हा भाग कठीण आहे. पदपथ अरुंद, मध्येच पायरी, आणि आसेन्सोरच्या ठाण्यातही पायऱ्या असू शकतात. बूट रबरी तळव्याचे घ्या. आणि चालताना खालीही बघा: रस्त्यावरचे कुत्रे गरीब असतात, पण त्यांच्यामागे कुणी आवरत नाही.

भूकंप झाला तर?

छोटे धक्के नेहमीचे, स्थानिक लोक बोलणंही थांबवत नाहीत. उभं राहणं कठीण होईल इतका जोराचा किंवा लांबलेला धक्का असेल, किंवा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, तर त्सुनामीची शक्यता धरून वागायचं. एल प्लानमध्ये असाल तर त्सुनामीपासून सुटकेचा मार्ग दाखवणाऱ्या पाट्यांच्या दिशेने चढा आणि समुद्रसपाटीपासून ३० मीटरच्या वर जा. जिन्याने किंवा रस्त्याने, आसेन्सोरने नाही. टेकडीवर असाल तर सामानासाठी खाली उतरू नका.

आता हा भाग खरंच बोहेमियन राहिलाय का?

अर्धामुर्धा. भाडी वाढली तसे विद्यार्थी आणि चित्रकार इतर टेकड्यांकडे सरकले. इथे बुटीक हॉटेलं आली, भिंतींवर इंग्रजी वाक्यं आली. पण ब्युनोस आयर्सच्या कामिनितोसारखी केवळ पर्यटकांसाठी मांडलेली ही गल्ली नाही. सकाळी आठला शाळेची मुलं त्याच चित्रांच्या जिन्यावरून धावत खाली जातात आणि गॅसवाला सिलिंडर वाजवत फिरतो. कलेचं खरं काम चालू असलेलं पाहायचं असेल तर सेर्रो कार्सेलवरचं सांस्कृतिक उद्यान गाठा. जुन्या तुरुंगाच्या जागेवर नाटकाच्या तालमी, सर्कसचे सराव, नाच चालू असतात आणि आत जायला पैसे पडत नाहीत. रविवारी प्लाझा ओ'हिगिन्सवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. बसस्थानकाच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे परतीच्या गाडीआधीचा तास तिथे छान जातो.

किरकोळ: पाणी, प्लग, दारू, व्हिसा?

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. वीज २२० व्होल्ट, पण सॉकेटला तीन भोकं एका ओळीत असतात. बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, आपला जाड तीन पिनांचा बसत नाही, अडॅप्टर न्या. रस्त्यावर, बागेत किंवा जिन्यावर बसून बिअर पिणं बेकायदा आहे, सूर्यास्त कितीही सुंदर असला तरी. व्हिसाचे ताजे नियम चिलीच्या वकिलातीकडून तिकीट काढण्याआधी पाहा. आणि स्वस्त तिकीट अमेरिकेमार्गे दिसलं तर लक्षात ठेवा, तिथे नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो.